शेतराखणीची बंदूक व तिच्यांतील फेरफार

ज्वारी हुरड्यास आली, भुईमूग भरला, कीं रानडुकरांचे कळप रात्रीं शेतांत उतरूं लागतात. एका रात्रींत उभें पीक लोळवून टाकण्याचें सामर्थ्य त्यांच्या अंगीं असतें. हीं जनावरें डब्याच्या आवाजास चार दिवसांत सरावतात, आणि माळ्यावरचा राखणदार थंडीनें गारठून झोंपीं गेला म्हणजे तें त्यांना बरोबर कळतें. म्हणून डोंगरालगतच्या गांवांत पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं बापजाद्यांपासून चालत आलेली एखादी ठासणीची बंदूक असते. क्वचित् एकनळी वा दुनळी काडतुसाची बंदूक असते. ती परवान्याची असते, आणि तिचा मालकहि सामान्यतः कायदा पाळणारा गृहस्थ असतो.

अडचण अशी कीं, शेतकरी घरांतील प्रत्येक वस्तूकडे अवजाराच्या दृष्टीनें पाहतो. कुऱ्हाडीचा दांडा हातास जड वाटला तर तो तासतो. कोयत्याची धार गेली तर लोहाराकडून पाजवून आणतो. गाडीची धाव सैल झाली तर तापवून पुन्हां बसवून घेतो. हीच संवय बंदुकीस लागू केली म्हणजे अनर्थ होतो. बंदूक हें कायद्याच्या दृष्टीनें अवजार नव्हे, शस्त्र होय. आणि तिच्या नळीस लावलेली करवत मालकास किमान सात वर्षांच्या व जास्तींत जास्त जन्मभराच्या कारावासास नेऊं शकते. हें विधान पुष्कळांस अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून कायद्यांत काय लिहिलें आहे तें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

कायद्याचा पूर्ववृत्तांत

इंग्रजी अमलांत, लॉर्ड लिटन हे व्हाइसरॉय असतांना, १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यास त्यानें येथील लोकांस बंदी केली. युरोपियनांस मात्र सवलती ठेवल्या. म्हणून त्या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेनें ठराव केले. स्वातंत्र्यानंतर तो जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला, व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याखालीं प्रथम १९६२ चे नियम होते. त्यांच्या जागीं २०१६ चे शस्त्र नियम आले. शेवटची मोठी दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली, आणि आपल्या विषयास तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बंदुकींतील फेरफारांस पूर्वीं किमान शिक्षा तीन वर्षांची व कमाल सात वर्षांची होती. आतां सात वर्षें ही किमान झाली असून कमाल शिक्षा आजन्म कारावासाची आहे, व शिवाय दंड आहे. वडिलांच्या वेळच्या ऐकीव माहितीवर चालणारा मनुष्य येथेंच फसतो.

शेतकऱ्यास मिळालेला हक्क

कायद्यांत नुसती बंदीच आहे असें नव्हे. शेतकऱ्याच्या गरजेचा विचार करून त्यांत एक चांगली तरतूद ठेविली आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नसते. कलम १३ मध्यें दोन प्रकारच्या बंदुकांविषयीं असें म्हटलें आहे कीं, कलम १४ मध्यें दिलेलीं नकाराचीं कारणें नसतील तर अधिकाऱ्यानें परवाना द्यावा. पहिला प्रकार, गुळगुळीत नळीची बंदूक, जिची नळी २० इंचांहून कमी नाहीं, व जी संरक्षणासाठीं अथवा शिकारीच्या खेळासाठीं हवी आहे. दुसरा प्रकार, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं लागणारी ठासणीची बंदूक. पुढें असेंहि म्हटलें आहे कीं, एखाद्या ठिकाणीं पिकाच्या रक्षणास ठासणीची बंदूक पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो वरील वर्णनाची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करूं शकतो.

याच्या उलट, आंतून पेच असलेल्या नळीची रायफल, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्यास योग्य कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. तसेंच कलम १४ मध्यें आणखी दोन गोष्टी शेतकऱ्याच्या हिताच्या आहेत. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं. आणि परवाना नाकारल्यास त्याचीं कारणें लेखी नोंदवावीं लागतात, व सार्वजनिक हितास बाध येत नसेल तर मागणी केल्यावर तीं अर्जदारास द्यावीं लागतात. त्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचीहि सोय कलम १८ मध्यें आहे.

आतां या तरतुदीचें मर्म पहावें. शेतकऱ्यास इतक्या सुलभपणें मिळणारा हा हक्क त्याच्या जमिनीच्या एकरांवर अवलंबून नाहीं; तो पुष्कळ अंशीं बंदुकीच्या घडणीवर अवलंबून आहे. नळी गुळगुळीत आहे काय, ती किती लांब आहे, बंदूक पुढून भरतात कीं मागून, या गोष्टींवरच कायद्यानें आपला विश्वास ठेविला आहे. म्हणून घडण बदलली कीं विश्वासाचा पायाच ढळतो. पुढील सर्व निर्बंध या एका सूत्रानें समजून घेतां येतात.

नळी आंखूड करणें

लांब नळीची बंदूक माळ्याच्या शिडीवरून चढवितांना अडते, उसांतून नेतांना पाल्यांत गुंतते. तेव्हां दोन वितींचा तुकडा कापून टाकावा, असें तरुण मुलांच्या मनांत येतें. यावर जाणता म्हणविणारा एखादा सांगतो, "कायद्यांत २० इंच म्हटलें आहे, वीस इंच शिल्लक ठेवून बाकीची खुशाल कापा." हा सल्ला सर्वथा चुकीचा आहे.

२० इंचांचें माप (म्हणजे सुमारें ५१ सेंटिमीटर) हें कलम १३ मध्यें परवाना देण्यासंबंधानें आलें आहे. नळी आंखूड करण्याविषयींचें कलम ६ हें आहे, आणि त्यांत कोणतेंहि माप नाहीं. त्यासाठीं निराळा परवाना असल्याशिवाय कोणाहि मनुष्यानें बंदुकीची नळी आंखूड करूं नये, एवढेंच त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. तीस इंचांची नळी अठ्ठावीस इंचांची केली तरी ती आंखूडच केली. आणि हा निराळा परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याचा आपला नेहमींचा परवाना नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

परदेशांशीं तुलना केल्यास हा फरक अधिक उघड होतो. इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यांत छऱ्यांच्या बंदुकीची नळी २४ इंचांहून आंखूड करणें हा गुन्हा आहे. अमेरिकेंत १९३४ च्या राष्ट्रीय कायद्यानें तशाच बंदुकीस १८ इंचांची मर्यादा घातली असून त्याखालील बंदुकीस निराळी नोंदणी लागते. त्या देशांत मापाची रेषा आहे व रेषेच्या अलीकडे मोकळीक आहे. आपल्या कलम ६ मध्यें अशी रेषाच नाहीं. तेव्हां कोणी परदेशस्थ नातलगाच्या ऐकिवावरून सल्ला देऊं लागला तर तो येथें लागू नाहीं असें समजावें.

एवढी कडक भूमिका कां, असा प्रश्न सहज पडेल. त्याचें उत्तर साधें आहे. लांब बंदूक खांद्यावर असली म्हणजे ती सर्वांस दिसते. आंखूड केलेली बंदूक घोंगडीखालीं किंवा पिशवींत लपते. दरोडेखोरास जी सोय हवी तीच सोय आंखूड नळीनें होते. शेतकऱ्यास तिचा उपयोग तर नाहींच, उलट तोटा आहे. नळी आंखूड झाली कीं दारूचा जोर पुरता लागत नाहीं, छरे लवकर फांकतात, आणि नळीचें तोंड धरणाऱ्याच्या हाताच्या जवळ येतें.

महसूल खात्यांत अव्वल कारकून असतांना पाहिलेली एक हकीकत येथें देण्याजोगी आहे. एका शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीची नळी तोंडापाशीं फाटली. दारू अधिक ठासली गेल्यानें असें होऊं शकतें. त्यानें ती गांवच्या लोहाराकडे नेली. लोहारानें फाटलेला वीतभर तुकडा कापून काढला व तोंड कानसीनें सारखें करून दिलें. शिल्लक नळी २० इंचांहून बरीच अधिक होती, म्हणून दोघांच्याहि मनांत शंका आली नाहीं. पुढें परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळीं बंदूक तपासणीस आली, तेव्हां तिचें माप नोंदीशीं जुळेना. बंदूक मुद्देमाल म्हणून जप्त झाली, परवाना निलंबित झाला, आणि मालक व लोहार दोघेहि आरोपी झाले. दोघांपैकीं कोणाच्याहि मनांत पाप नव्हतें. त्या सालीं त्या शेतकऱ्याच्या शेतांत माळा उभा होता, पण माळ्यावर बंदूक नव्हती. डुकरांनीं भुईमुगाच्या ओळी नांगरून काढाव्या तशा उकरल्या. कोर्टाच्या तारखांसाठीं केलेल्या खेपा निराळ्याच. ही गोष्ट २०१९ च्या पूर्वींची, म्हणजे किमान शिक्षा तीन वर्षांची होती त्या काळची आहे.

एका प्रकारची बंदूक दुसऱ्या प्रकारांत बदलणें

२०१९ च्या दुरुस्तीनें कलम ६ मध्यें एक नवा भाग घातला. २०१६ च्या शस्त्र नियमांत बंदुकांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांपैकीं एका वर्गांतील बंदूक परवान्याशिवाय दुसऱ्या वर्गांत बदलतां येत नाहीं. ठासणीची बंदूक मागून काडतूस भरण्याजोगी करून घेणें, गुळगुळीत नळीच्या जागीं पेचाची नळी बसवून घेणें, किंवा एका वेळीं एकच बार काढणाऱ्या बंदुकीस आपोआप लागोपाठ बार काढण्याजोगी करणें, अशा सर्व गोष्टींकडे या दृष्टीनें पहावें. शेवटचा प्रकार तर सर्वांत भयंकर; कारण आपोआप चालणारीं शस्त्रें हीं निषिद्ध शस्त्रांत मोडतात, आणि तीं बाळगण्याचा परवाना सामान्य नागरिकास मिळत नाहीं.

येथें एक भाबडा युक्तिवाद ऐकूं येतो. "माझ्याजवळ बंदुकीचा परवाना आहे, ती कशी असावी हें मी ठरवीन." परंतु परवाना हा बंदूक नांवाच्या सर्व वस्तूंचा नसतो. त्यांत बंदुकीचा प्रकार, तिचा क्रमांक वगैरे वर्णन लिहिलेलें असतें. बंदूक त्या वर्णनाशीं जुळेनाशी झाली, कीं हातांतील परवाना त्या बंदुकीचा राहिला आहे किंवा नाहीं, असाच प्रश्न उभा राहतो.

नकली बंदूक आणि माकडें हांकण्याची नळी

नकली बंदुकीची खरी बंदूक करणें हेंहि कलम ६ खालींच येतें व त्यासहि तीच शिक्षा आहे. दिसण्यांत बंदुकीसारखी असलेली कोणतीहि वस्तु, मग तिच्यांतून गोळी सुटो वा न सुटो, कायद्याच्या भाषेंत नकली बंदूक होय. नाटकांतील किंवा खेळण्यांतील बंदुकीस लोखंडी नळी बसवून ती चालती करणें हा म्हणून थट्टेचा विषय नव्हे.

या संबंधांत एका नव्या चालीविषयीं लिहिणें अवश्य वाटतें. माकडें व पांखरें हांकण्यासाठीं प्लॅस्टिकच्या नळींत कार्बाइडचा वायु पेटवून मोठा आवाज काढण्याचें साधन अलीकडे बाजारांत मिळतें. २०२५ च्या दिवाळींत भोपाळकडे अशा नळ्या मुलांच्या हातांत गेल्या व अनेकांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाल्या. हें झालें शरीराच्या अपायाविषयीं. कायद्याविषयीं सांगावयाचें तर, स्फोटक द्रव्याच्या किंवा अन्य शक्तीच्या जोरावर कोणतीहि वस्तु फेंकण्यासाठीं बनविलेलें अथवा त्या कामास योग्य केलेलें शस्त्र, अशी बंदुकीची व्याख्या आहे. नुसता आवाज काढणारी नळी व तींत खडे किंवा छरे घालून उडविलेली नळी यांत म्हणूनच जमीनअस्मानाचें अंतर आहे. दुसरीस कोणी बंदूक म्हटल्यास त्याला उत्तर देणें कठीण जाईल.

क्रमांक व छाप

बंदुकीवर करणाराचें नांव, क्रमांक किंवा दुसरी ओळखीची खूण कोरलेली असते. ती पुसणें, काढणें, बदलणें अथवा खोटी घालणें यांस कलम ८ नें बंदी आहे. या गुन्ह्यास दोन वर्षांपासून पांच वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. या कलमांतील सर्वांत सावध राहण्याजोगी गोष्ट पुरावा कोणीं द्यावयाचा ही होय. ज्याच्या ताब्यांत खूण पुसलेली बंदूक सांपडेल त्यानेंच ती पुसली, असें कायदा गृहीत धरतो. तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार त्या मनुष्यावर पडतो.

म्हणून गंज काढतांना क्रमांकाच्या जागेवर कानस किंवा खरखरीत कागद घांसूं नये. तेलाचें बोट व मऊ फडकें पुरे. क्रमांक गंजानें बुजूं लागला असेल, किंवा जुन्या ठासणीच्या बंदुकीवर तो मूळचाच अस्पष्ट असेल, तर ही गोष्ट परवाना अधिकाऱ्यास आपण होऊन लेखी कळवावी, व अर्जाची पोंच जपून ठेवावी. तपासणींत दुसऱ्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वीं ती आपण कळविलेली असणें यांत मोठें संरक्षण आहे.

दुरुस्ती कोणाकडून करवावी

फेरफार करावयाचा नाहीं, नुसती दुरुस्ती करावयाची आहे, अशा मनुष्यानेंहि थांबून विचार करावा. कलम ५ प्रमाणें बंदुका तयार करणें, विकणें, बदलणें व दुरुस्त करणें या सर्व कामांस परवाना लागतो. त्याशिवाय दुरुस्ती करणाऱ्यास नळी कापणाऱ्याइतकीच, म्हणजे सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत, शिक्षा आहे. गांवचा लोहार कितीहि कुशल असला तरी त्याच्याजवळ हा परवाना नसतो. त्याच्याकडे घोडा बसविण्यास किंवा चाप नीट करण्यास बंदूक नेणें म्हणजे आपल्याबरोबर एका गरीब कारागिरासहि संकटांत लोटणें होय. करणारा तर सांपडतोच. करवून घेणाराहि गुन्ह्यास साहाय्य केल्याच्या आरोपांतून सुटत नाहीं.

नळी पुसणें, तेल देणें, दारूची काजळी काढणें हें मालकाचें नित्याचें काम आहे व तें त्यानें अवश्य करावें. त्यापलीकडचें काम परवानाधारक बंदूक-विक्रेत्याकडे अथवा दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावें. वृद्ध मालकास स्वतः जाणें शक्य नसल्यास कायद्यानें सोय ठेविली आहे. परवानेवाल्याच्या समक्ष, अथवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानें, दुसरा मनुष्य बंदूक दुरुस्तीस किंवा परवान्याच्या नूतनीकरणास नेऊं शकतो. मुलास पाठवावयाचें असेल तर चिठ्ठींत बंदुकीचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, कोणाकडे व कोणत्या कामास नेत आहे तें, तारीख व सही असावी. दुकानदाराकडून काय काम केलें त्याची पावती घ्यावी व ती परवान्याबरोबर ठेवावी.

आवाज दाबण्याचें साधन व सुटे भाग

आवाज मोठा होऊन कळप पळतो, म्हणून नळीस आवाज दाबणारें साधन बसवावें, असें सुचविणारे लोक भेटतात. बंदुकीच्या व्याख्येंतच असें म्हटलें आहे कीं, बाराचा आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठीं केलेलें साधन हें स्वतःच बंदूक समजलें जाईल. तसेच बंदुकीचे भागहि व्याख्येंत येतात. अर्थात् असें साधन किंवा जादा नळी घरीं ठेवणें म्हणजे परवान्याशिवाय दुसरी बंदूक ठेवण्यासारखें आहे. परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास दोन वर्षांपासून पांच वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे.

वडिलोपार्जित जुन्या बंदुका

कित्येक वाड्यांत माळ्यावर गंजून पडलेल्या तोड्याच्या बंदुका असतात. जुन्या घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें किंवा मोडकें शस्त्र, जें दुरुस्तीनेंहि बंदूक म्हणून वापरतां येणार नाहीं, त्यास हा कायदा लागू नाहीं, असें कलम ४५ मध्यें आहे. "दुरुस्तीनेंहि" हा शब्द विसरूं नये. थोड्या दुरुस्तीनें जी चालेल ती बंदूक या सवलतींत येत नाहीं. आणि भिंतीवर शोभेस लावलेली अशी निरुपयोगी बंदूक कोणीं हौसेनें चालती केली, तर ती सवलत त्या क्षणीं संपली.

परवानेवाला वारल्यास त्याची बंदूक वारसांनीं तशीच घरीं ठेवूं नये. विनाकारण विलंब न लावतां ती जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा नियमांप्रमाणें परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि मग आपल्या नांवें परवान्याचा अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात. वारशानें आलेल्या बंदुकाहि याच मर्यादेंत मोजतात. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली आहे, हा त्यांतल्या त्यांत दिलासा.

कापण्यापेक्षां बदलणें बरें

इतके निर्बंध ऐकून मनुष्य म्हणेल, कीं मग न जमणारी बंदूक घेऊन करावें काय? त्याचा कायदेशीर मार्ग आहे, व तो फारसा खर्चाचाहि नाहीं. बंदूक जड, लांब किंवा नादुरुस्त असल्यास ती बदलावी. तिच्यावर हत्यार चालवूं नये. जो बंदूक बाळगण्यास पात्र आहे व ज्यास परवाना आहे अशा मनुष्यास ती विकतां येते. त्यासाठीं आपला हेतु व घेणाऱ्याची माहिती जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवावी, आणि कळविल्यापासून निदान ४५ दिवस जाऊं द्यावे. आपल्या परवान्यावर दुसरी योग्य बंदूक नोंदवून घेण्यासाठीं निराळा अर्ज करावा. ठासणीची बंदूक आपल्या रानास पुरी पडत नसेल, तर वर सांगितलेल्या कलम १३ च्या आधारानें गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीची मागणी करावी. अर्जांत गेल्या हंगामांतील नुकसानाचे पंचनामे, सात-बाराचा उतारा, व रान किती जवळ आहे तें लिहावें. कचेरींत अर्ज वाचणारा मनुष्य शेतावर येत नाहीं. त्यास शेत दिसतें तें कागदांतूनच.

आणखी दोन गोष्टी या विषयास लागूनच आहेत. पीकसंरक्षणाचा बंदूकपरवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून निराळी घ्यावी लागते. उभ्या पिकास धोका झाल्यास ती मागण्याची तरतूद त्या कायद्याच्या कलम ११ मध्यें आहे. दुसरें असें कीं, लग्नांत वा मिरवणुकींत आनंदाचे बार काढून कोणाच्या जिवास धोका आणल्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

शेवटीं प्रत्येक परवानेवाल्या शेतकऱ्यानें एक साधें काम हा अंक वाचून झाल्यावर करावें. परवाना व बंदूक दोन्ही समोर घ्यावीं. क्रमांक जुळतो काय, प्रकार जुळतो काय, मुदत कधीं संपते, हें पहावें. नळी सुतानें मोजून तें माप घरच्या वहींत तारखेसह लिहून ठेवावें. कांहीं विसंगति दिसल्यास ती झांकण्याच्या नादीं न लागतां प्रथम जाणत्या वकिलास विचारावें, व त्याच्या सल्ल्यानें अधिकाऱ्यास लेखी कळवावें. आणि घरांतील तरुण मुलांस एवढें बजावून ठेवावें कीं, या घरांत कानस व करवत पुष्कळ कामांस लागतात, पण बंदुकीस लागत नाहींत.